पुसाचा रुमाल आणि ओकिनावाचे कारले

दुष्काळ, टोळधाड आणि प्लेग यांना आपल्या इतिहासलेखनात जागा मिळाली आहे. गॅझेटियरांत, जुन्या पत्रव्यवहारांत आणि घराघरांतल्या आठवणींत त्यांचे उल्लेख सापडतात. फळमाशीला मात्र असा मान कोणी दिलेला नाही. साधारण घरमाशीएवढी, पिवळसर तपकिरी अंगाची आणि पारदर्शक पंखांची ही माशी आकाश झाकोळून येत नाही, की एका रात्रीत शिवार फस्त करीत नाही. पाडाला आलेल्या पेरूवर किंवा कोवळ्या कारल्यावर तिची मादी बसते, शेपटाकडची टोकदार नळी सालीत रुतवते, सालीखाली अंडी घालते आणि उडून जाते. वरून फळ निर्दोष दिसते. सुरी घातल्यावर आत वळवळणाऱ्या अळ्या नजरेस पडतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो.

एवढ्याशा या कीटकामुळे गेल्या शंभर वर्षांत देशादेशांतील व्यापार थांबले, उभ्या बागांतील फळे जमिनीत पुरावी लागली आणि सरकारांना वीस-वीस वर्षे चालणाऱ्या मोहिमा हाती घ्याव्या लागल्या. या लढ्याचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुनःपुन्हा लक्षात येते. माशी मारण्याची विषे माणसाजवळ पूर्वीपासून होती. माशी कुठे आहे, किती आहे आणि ती खरोखर संपली की नाही, हे कळण्याचे साधन मात्र त्याच्याजवळ नव्हते. माशी मोजता येऊ लागली तेव्हाच तिचे निर्मूलन शक्य झाले. आणि ती मोजण्याच्या विद्येचा पहिला धडा आपल्याच देशात, बिहारमधील पुसा येथे गिरवला गेला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

दिल्लीतील पुसा संस्थेचे नाव आपण सर्वांनी ऐकलेले असते. परंतु मूळचे पुसा उत्तर बिहारातले. लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत, १९०५ साली, तेथे शेतीसंशोधनाची मध्यवर्ती संस्था स्थापन झाली. १९३४च्या बिहार भूकंपात तिची इमारत उद्ध्वस्त झाल्यावर संस्था दिल्लीस हलली आणि सोबत गावाचे नावही घेऊन आली. या मूळच्या पुसात फ्रँक मिलबर्न हौलेट नावाचे इंग्रज कीटकशास्त्रज्ञ काम करीत होते. त्यांच्या एका शेजाऱ्याने डास दूर राहावेत म्हणून रुमालावर सिट्रोनेला तेल, म्हणजे गवती चहाच्या जातकुळीतल्या एका गवताचे तेल, शिंपडले. डास गेले की नाही कोण जाणे, पण भलत्याच माश्या रुमालाभोवती गोळा होऊ लागल्या. शेजारी वैतागला. हौलेटनी मात्र त्या माश्या पकडून तपासल्या. त्या फळमाश्या होत्या, आणि एकजात सगळ्या नर होत्या.

ही हकीकत हौलेटनी १९१२ साली प्रसिद्ध केली आणि ते तेवढ्यावर थांबले नाहीत. तेलात अनेक द्रव्ये असतात. त्यांपैकी नेमके कोणते नराला ओढून आणते, याचा त्यांनी छडा लावला. १९१५ सालच्या त्यांच्या लेखात मिथाइल युजेनॉल या द्रव्याचे नाव येते. लवंगेला जो वास असतो तो युजेनॉलचा. मिथाइल युजेनॉल हे त्याचेच भावंड. आपल्या अंगणातल्या तुळशीतही ते असते. आंबा, पेरू, बोर यांवर पडणाऱ्या काही प्रमुख फळमाश्यांचे नर या वासाने दूरवरून धावत येतात आणि ते द्रव्य अधाशासारखे चाटतात. हे चाटलेले द्रव्य त्यांच्या शरीरात मादीला भुलवणाऱ्या गंधात रूपांतरित होते, हा उलगडा पुष्कळ नंतर झाला. हौलेट १९२० साली, वयाच्या पंचेचाळिशीपूर्वीच निवर्तले. आपल्या रुमालाच्या गोष्टीतून पुढे काय निघणार आहे, हे पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

या शोधाचे मोल समजण्यासाठी, असे आमिष हाताशी नसले की काय होते ते पाहावे. एप्रिल १९२९मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात ऑरलँडो येथे भूमध्यसागरी फळमाशी सापडली. ही जात वेगळी. मिथाइल युजेनॉलला ती भुलत नाही, आणि तिच्यासाठी खात्रीचे असे दुसरे आमिष तेव्हा नव्हते. माशी शोधायची म्हणजे फळे कापून अळ्या पाहायच्या, एवढाच काय तो उपाय. पाहता पाहता तिचा वावर राज्याच्या वीस जिल्ह्यांत असल्याचे निष्पन्न झाले. बाधित भागातील लाखो पेट्या संत्री व ग्रेपफ्रूट नष्ट करण्यात आली, झाडांवर शिशाच्या आर्सेनेटचे विषारी आमिष फवारले गेले, रस्त्यांवर पहारे बसवून प्रवाशांच्या गाड्या तपासण्यात आल्या. दीड वर्षाच्या आत माशी संपली, हे खरे. पण ज्या बागेत ती नव्हती त्या बागेलाही शिक्षा झाली, कारण ती नाही असे छातीठोकपणे सांगण्याचे साधन कोणाजवळ नव्हते.

हीच माशी १९५६ साली फ्लोरिडात पुन्हा आली, तेव्हा चित्र बदललेले होते. अँजेलिका नावाच्या वनस्पतीच्या बियांचे तेल तिच्या नरांना आकर्षित करते, हे तोपर्यंत कळले होते. ठिकठिकाणी सापळे लागले. जेथे माशी सापडली तेथेच प्रथिनयुक्त आमिषाची फवारणी झाली. सरसकट फळे नष्ट करण्याची पाळी आली नाही. अडचण आली ती वेगळीच. सापळे इतके लागले की ते तेल बाजारात मिळेनासे झाले, आणि शास्त्रज्ञांना त्याच्या जागी कृत्रिम आमिषे शोधावी लागली. २७ वर्षांच्या अंतराने एकाच राज्यात झालेल्या या दोन मोहिमांतील फरक एका सापळ्याचा होता, असे म्हटले तरी चालेल.

मिथाइल युजेनॉलचा उपयोग केवळ माशी मोजण्यापुरता न ठेवता ती संपवण्यासाठीही करावा, ही कल्पना हवाईमध्ये रुजली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आशियातील आंब्यावरची फळमाशी त्या बेटांवर पोहोचली आणि तिने थैमान घातले. तेथे काम करणारे अमेरिकन कीटकशास्त्रज्ञ स्टायनर यांनी मिथाइल युजेनॉलमध्ये कीटकनाशक मिसळून नर मारण्याचे प्रयोग केले. विचार सरळ होता : जवळजवळ सगळे नर मारले, तर माद्यांची अंडी निष्फळ राहतील. १९६०च्या दशकाच्या प्रारंभी पॅसिफिकमधील रोटा या लहानशा बेटावर, हे मिश्रण मुरवलेले तुकडे विमानातून टाकण्यात आले आणि आंब्यावरची ती माशी तेथून नाहीशी झाली. पुढे जपाननेही आपल्या दक्षिणेकडील बेटांवरून ती याच मार्गाने टप्प्याटप्प्याने हटवली. १९८६पर्यंत हे काम पुरे झाले.

परंतु याच बेटांवर दुसरी एक माशी ठाण मांडून बसली होती आणि तिच्यापुढे ही युक्ती अपुरी पडत होती. ती म्हणजे काकडी, दोडका, भोपळा, कारले यांवर पडणारी फळमाशी. हिचे मूळ घर भारत मानले जाते. आपल्या परसातल्या मांडवावर पिढ्यान्‌पिढ्या वावरणारी ही माशी माणसाच्या बोटींतून कुठल्या कुठे गेली. जपानच्या दक्षिण टोकाच्या यायेयामा बेटांवर ती १९१९ साली प्रथम आढळली, १९२९ साली मियाकोवर, १९७०मध्ये कुमे बेटावर आणि १९७२मध्ये खुद्द ओकिनावाच्या मुख्य बेटावर. म्हणजे ती दर खेपेस एक बेट उत्तरेकडे सरकत होती. जपानच्या मुख्य भूमीतील शेती वाचवण्यासाठी माशी असलेल्या बेटांवरून कारली, काकड्या, आंबे बाहेर नेण्यास कायद्याने मनाई होती. ओकिनावाचा शेतकरी कारले पिकवी, पण टोकियोच्या बाजारात ते पाठवू शकत नसे. मे १९७२मध्ये अमेरिकेच्या ताब्यातून ही बेटे जपानकडे परत आली आणि त्याच वर्षी माशीच्या निर्मूलनाचे काम सुरू झाले.

या माशीच्या नरांसाठीही एक आमिष होते, क्यू-ल्युअर नावाचे. पण त्याची ओढ मिथाइल युजेनॉलइतकी प्रबळ नाही. त्यातून पुष्कळ नर निसटतात. त्यामुळे या आमिषाने आधी माश्यांची संख्या खाली आणायची आणि उरलेल्यांसाठी वांझ नरांचा मार्ग अवलंबायचा, असे ठरले. हा मार्ग अमेरिकेतील निप्लिंग यांचा. गुरांच्या जखमांत अंडी घालणाऱ्या एका माशीवर त्यांनी तो सुचवला आणि १९५४ साली कुरासाओ बेटावर तो यशस्वी झाला. कारखान्यात माश्या वाढवायच्या, कोषावस्थेत त्यांवर कोबाल्ट-६०च्या किरणांचा मारा करून त्यांना वांझ करायचे आणि मोकळे सोडायचे. रानटी मादीने अशा वांझ नराशी संग केला की तिची अंडी उबत नाहीत. रानटी नरांपेक्षा वांझ नर कित्येक पटींनी अधिक असतील, तर प्रत्येक पिढी आधीच्या पिढीहून लहान होत जाते. शत्रू जसा कमी होतो तसे हे शस्त्र अधिक धारदार होते. विषाचे नेमके याउलट असते.

हे सगळे ‘कित्येक पटींनी’ या शब्दावर अवलंबून आहे आणि तो शब्द मोजणीशिवाय पोकळ आहे. कीटकशास्त्रज्ञ योशिआकी इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हणून प्रथम कुमे या छोट्या बेटावर काम केले. बेटावर रानटी माश्या किती, हे खुणा केलेल्या माश्या सोडून व पुन्हा पकडून अजमावण्यात आले. वांझ माश्यांना चमकणाऱ्या रंगाची पूड लावली जाई, म्हणजे सापळ्यात पडलेली माशी कारखान्यातली की रानातली, हे विशिष्ट दिव्याखाली चटकन ओळखता येई. वांझ माश्या सोडण्यास १९७५मध्ये प्रारंभ झाला. दर आठवड्याला सापळे उघडायचे, दोन्ही प्रकारच्या माश्या वेगळ्या करायच्या, त्यांचे प्रमाण काढायचे, आणि ते पुरेसे नसेल तेथे अधिक माश्या सोडायच्या, हा क्रम चालू राहिला. १९७८ साली कुमे बेट माशीमुक्त झाल्याचे जाहीर झाले.

मोठ्या बेटांवर हाच क्रम मोठ्या प्रमाणावर चालवावा लागला. नाहा येथे माश्यांचा प्रचंड कारखाना उभा राहिला. थंड करून निपचित केलेल्या माश्या हेलिकॉप्टरमधून सोडल्या जाऊ लागल्या. सोडलेल्या माश्यांचा एकूण आकडा सुमारे ५,३०० कोटींवर गेला. तरीही ओकिनावाच्या काही भागांत वांझ नर भरपूर असूनही रानटी माश्या कमी होईनात. शोध घेता असे अनुमान निघाले की तेथील रानटी माद्या वांझ नरांना ओळखून नाकारू लागल्या असाव्यात. ज्या माद्या चोखंदळ होत्या त्यांचीच संतती उरत होती. अशा ठिकाणी वांझ नरांची संख्या आणखी वाढवण्यात आली. सरासरीच्या आकड्यावर विसंबून राहिले असते तर ही ठिकाणे कागदावर दिसलीच नसती. सापळ्यागणिक नोंद होती, म्हणून ती दिसली.

मियाको १९८७, अमामी १९८९, ओकिनावा १९९० आणि यायेयामा १९९३, अशा क्रमाने बेटे मुक्त झाली. शासकीय सेवेत आयुष्य घालवलेल्या माणसाला यातील शेवटचा टप्पा विशेष मोलाचा वाटतो. निर्मूलन झाले हे ठरवायचे कसे? सापळा रिकामा आहे, याचे दोन अर्थ होऊ शकतात : माशी नाही, किंवा सापळा नीट लागलेला नाही. कोणत्याही कार्यालयातील ‘निरंक’ अहवालाला हीच शंका चिकटलेली असते. ओकिनावातील सापळ्यांत रंगीत वांझ माश्या पडत होत्या, म्हणजे सापळे जागे होते. रानटी तेवढी एकही नव्हती. त्याच्या जोडीला वेलींवरची आणि रानातली फळे हजारोंनी गोळा करून, त्यांतून अळी निघते का, हे दिवसचे दिवस ठेवून पाहिले गेले. या दोन्ही मार्गांनी शून्य आले तेव्हाच ते शून्य मान्य झाले. शून्य सिद्ध करण्यासाठी एवढा खटाटोप क्वचितच कोणी केला असेल.

त्यानंतर ओकिनावाचे कारले जपानभर पोहोचले. तेथे त्याला ‘गोया’ म्हणतात. अंडे आणि टोफू घालून केलेली त्याची भाजी आज टोकियोच्या घरांतही होते. मात्र मोहीम संपली असे जपानने मानले नाही. दक्षिणेकडून माशी पुन्हा येऊ शकते, म्हणून वांझ माश्या सोडणे आणि सापळे पाहणे चालूच ठेवण्यात आले. ही सावधगिरी अनाठायी नव्हती. २०२४ साली ओकिनावात काकडीवर्गीय पिकांवरची दुसऱ्याच जातीची एक फळमाशी आढळली, एप्रिल २०२५पासून तिच्यासाठी तातडीची मोहीम सुरू झाली, आणि त्या जातीच्याही वांझ माश्या तयार करण्याचे काम हाती घेण्यात आले.

आफ्रिकेचा अनुभव याच्या उलट बाजूचा आहे. २००३ साली केनियात एक अनोळखी फळमाशी सापडली. २००५ साली तिला नवी जात ठरवून ‘आक्रमक’ अशा अर्थाचे लॅटिन नाव देण्यात आले. पुढे दहा वर्षांनी, २०१५मध्ये, ती आपल्याकडच्या आंब्यावरच्या माशीहून वेगळी नाही असा निर्णय झाला. दरम्यान ती खंडभर पसरली होती. बेटाच्या किनाऱ्याला समुद्राचे कुंपण असते. भूखंडावर ते नसते.

हे वाक्य आपल्यालाही लागू आहे. आपल्या देशात या माश्या पाहुण्या नाहीत, घरच्या आहेत. म्हणून जग आपल्या फळांकडे संशयाने पाहते. जपानने भारतीय आंब्यावर घातलेली सुमारे वीस वर्षांची बंदी २००६ साली उठवली, ती उष्ण वाफेची प्रक्रिया करण्याच्या अटीवर. १ मे २०१४पासून युरोपीय संघाने भारतातील आंबा आणि चार भाज्या यांची आयात थांबवली, कारण आलेल्या मालात फळमाशीसारख्या किडी सापडत होत्या. त्या चार भाज्यांत कारलेही होते. आंब्यावरील बंदी उठवण्याचा निर्णय जानेवारी २०१५मध्ये झाला, पण त्या एका हंगामात रत्नागिरी-देवगडच्या बागायतदाराला जो फटका बसायचा तो बसला. ओकिनावाच्या शेतकऱ्याने जे कित्येक वर्षे सोसले, त्याची ही लहानशी चुणूक होती.

उपाय आपल्याकडे नाहीत असे नाही. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने मिथाइल युजेनॉलवर चालणारा ‘रक्षक’ सापळा तयार केला आणि तो कोकणातील बागांत पोहोचला. हौलेटच्या रुमालाचा हा वंशज शतकानंतर आपल्याच मातीत परत आला, असे म्हणावयास हरकत नाही. पडलेली फळे गोळा करून खोल पुरावीत, झाडाखालची माती हलवून कोष उघडे पाडावेत, हा सल्लाही जुना आहे. उणीव आहे ती एकत्र येण्याची. एका बागायतदाराने सापळे लावले आणि शेजारच्या पडीक जागेतील रायवळ आंबे तसेच कुजत राहिले, तर माशी कुंपण ओलांडून येतेच. या शतकाच्या पहिल्या दशकात भारतातील गावांत झालेल्या प्रयोगांतही, साऱ्या गावाने एकाच वेळी उपाय केल्यास तो एकट्यादुकट्याच्या उपायाहून अधिक फळतो, असेच दिसून आले.

आपल्याकडे या माशीचे समूळ उच्चाटन होणार नाही. ते ध्येयही असू नये. परंतु तिला इतके कमी करता येईल की फळ बिनघोर कापता यावे आणि बंदरावर अडून पडू नये. त्यासाठी लागणारे द्रव्य तुळशीत सापडते, सापळा गावच्या दुकानात मिळतो. मिळत नाही ती आठवड्याच्या आठवड्याला सापळा उघडून माश्या मोजणारी आणि मोजलेले लिहून ठेवणारी चिकाटी. पुसातील हौलेटनी एका वैतागलेल्या शेजाऱ्याच्या तक्रारीची नोंद घेतली. ओकिनावातील माणसांनी वीस वर्षे तशा नोंदी घेतल्या आणि आज त्यांचे कारले टोकियोच्या बाजारात विकले जाते.